विद्यापीठाच्या आवारात अभ्यासाला बसायचं तरी कुठं?

मोहफूल
नमस्कार मंडळी. यंदा एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राला प्रवेश घेतला. विद्यापीठ विदर्भातलंच, गावाबाहेर माळावर. नाव घेत नाही, पुढचं वाचून उगाच कुणाला राग यायला नको.

वसतिगृहाच्या यादीत नंबर लागला नाही, म्हणून गावाहून रोज एसटीनं येणं-जाणं. सकाळची बस साडेआठला सोडते, तास अकराला. प्रॅक्टिकल नसेल त्या दिवशी दोननंतर मोकळी. परतीची शेवटची बस सहाला. म्हणजे वेळ भरपूर हाताशी, पण टेकायला जागा नाही.

ग्रंथालय मोठं आहे. वाचनकक्ष दहाला उघडतो. सव्वादहाला गेलं की प्रत्येक खुर्चीवर पिशवी. माणूस नाही, पिशवी. एका टेबलावर नुसतं हेल्मेट होतं, त्याचा मालक जेवणाच्या सुट्टीपर्यंत उगवला नाही. शेजाऱ्याला विचारलं तर म्हणे, "ती जागा धरलेली आहे." घरी अभ्यासाचं नाव काढायची सोय नाही. आता कापूस फुटलाय, घरात वेचणीच्या बायांचा हिशेब, स्वैपाक, आणि भावाचा मोबाईल मोठ्या आवाजात.

हिवाळी परीक्षा तोंडावर आली. तुम्ही कुठं बसत होता, किंवा बसता? जागा कशी शोधली?

कँटीनभक्त
कँटीन. अभ्यास होत नाही, पण जागा मिळते.

खारपाणपट्टा
भक्तांशी असहमत. जागाही मिळत नाही. चहा संपला की पोरगा फडकं घेऊन टेबलापाशी उभाच.

सागवान
अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलो. तिथं झाडांना तोटा नव्हता, म्हणून झाडांबद्दल अधिकारवाणीनं बोलतो.

झाडाखाली बसायचं तर आधी झाड ओळखा. सागावर विसंबू नका. थंडी सरली की पानं गळतात, मग पाऊस येईस्तोवर नुसते खांब. पळस फुलतो तेव्हा अंगावर पान नसतं, फोटोपुरता बरा. मोहाखाली मार्च-एप्रिलात बसलात तर वहीवर टपटप फुलं, वासानं डोकं जड, आणि पहाटेपासून वेचणाऱ्या बायांना आपली अडचण होते ती वेगळीच. कडुनिंब मात्र कामाचा. उन्हाळ्याच्या तोंडाला पानं टाकतो, पण एप्रिलात पालवी भरून येते. नेमकी उन्हाळी परीक्षेला सावली. चिंच तर भर वैशाखातही हिरवी. आता ऑक्टोबर-नोव्हेंबरला काय, जवळपास कुठलंही झाड चालेल. फक्त बुंध्याशी मुंगळ्यांची रांग नाही ना, ते पाहून बूड टेका.

खारपाणपट्टा
चिंचेवर भूत असतं म्हणतात, सागवानभाऊ.

सागवान
भूत परवडलं. आमच्या चिंचेखाली विभागप्रमुख फेऱ्या मारायचे.

शेंगदाण्याची_आमटी
झाडाखाली बसणाऱ्यांनी वानरांचा विचार केलेला दिसत नाही. आमच्या कॉलेजात मी संख्याशास्त्राचं पुस्तक आणि डबा शेजारी-शेजारी ठेवून पाणी प्यायला उठले. आले तर डबा गायब, पुस्तक जागच्या जागी. ज्याची त्याची आवड.

राजेहो
अवो ताई, पिशव्यायच्या गोष्टीवरून आठवलं. आमच्या इथं एका पोट्ट्यानं पाच खुर्च्या धरल्या होत्या, सारे दोस्त झोपून उठाचे होते. ग्रंथपाल मॅडम आल्या, काई बोलल्या नाई, साऱ्या पिशव्या उचलल्या अन् काउंटरवर मांडल्या. वर पाटी लावली, "सापडलेल्या वस्तू. ओळख पटवून न्याव्या." ओळख पटवाले ग्रंथालयाचं कार्ड लागे, अन् पाचातल्या तिघाइपाशी कार्डच नोतं. दुसऱ्या दिवशी सारे सुतासारखे सरळ. तुमच्या तिथल्या मॅडमले सांगून पाहा, बिघडते काय.

तलाठी_होणारच
मोहफूलताई, त्या पिशव्यांमधली एक माझी असू शकते, म्हणून लिहितो.

मी त्याच प्रकारच्या एका विद्यापीठाचा पदवीधर. गावात घर म्हणजे एक खोली आणि पडवी, त्यात सहा माणसं, वर दोन बकऱ्या. पहाटे पाचला पोलीस भरतीच्या पोरांबरोबर ग्राउंड, आवारातल्या नळावर आंघोळ, आणि नऊपासून ग्रंथालयाच्या दारात रांगेत. मधे नाश्त्याला गेलो तर जागा जाते, म्हणून पिशवी. शहरात खासगी अभ्यासिका आहेत, कप्पे केलेले, एसी वगैरे. माझ्या तालुक्याला महिना सातशे मागतात. जाहिरात येईल, फॉर्मची फी भरू, परीक्षा पुढं ढकलली जाईल. तोवर किती सातशे भरायचे?

माजी विद्यार्थी म्हणून अनामत भरून रीतसर कार्ड काढलंय. फुकटात बसत नाही.

मोहफूल
भाऊ, तुमची अडचण समजते. पण मी चालू वर्षाची फी भरलीय, त्यात ग्रंथालय शुल्क आहे, आणि मला उभं राहून पुस्तक चाळावं लागतं. नाश्त्याला जाताना पिशवी ठेवली तर एक वेळ ठीक. ते हेल्मेट तीन तास होतं.

तलाठी_होणारच
हेल्मेट माझं नाही. माझ्याकडं गाडीच नाही.

कापूसकोंड्या
या वादात दोघांचंही खरं आहे आणि चूक तिसऱ्याचीच आहे. पदव्युत्तर विद्यार्थी आणि भरतीची पोरं एकाच हॉलमध्ये कोंबली की हेच होणार. भरतीच्या पोरांना बारा तास एकाच खुर्चीवर बसायचं असतं, पुस्तकं स्वतःची, ग्रंथालयाकडून हवं ते टेबल, पंखा आणि पाणी. विद्यार्थ्याला तास-दोन तास हवेत, पण पुस्तकांच्या जवळ. भरतीच्या पोरांसाठी वेगळी खोली द्या, भले जुन्या इमारतीत असो. कितीतरी ठिकाणी स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्राची पाटी आहे, आत झेरॉक्सचं मोडकं मशीन आणि उद्घाटनाचा फोटो.

निवृत्त_ग्रंथपाल
उभी नोकरी विदर्भातल्या ग्रंथालयांत गेली, म्हणून दोन शब्द.

मुली, वाचनकक्ष म्हणजे ग्रंथालय नव्हे. विद्यार्थी दारातून आत येतात, समोर दिसेल त्या हॉलमध्ये खुर्ची बघतात आणि नाही मिळाली की परत फिरतात. जिना चढून जा. नियतकालिकांचा विभाग बघ. तिथं बांधीव अंकांच्या मांडण्यांमध्ये एखाद-दुसरं टेबल असतंच, आणि तिथं कुणी फिरकत नाही. संदर्भ विभागात पुस्तक घरी देत नाहीत, म्हणून गर्दी कमी. सगळ्यात निवांत प्रबंध विभाग. पूर्वी संशोधक लांबून येऊन तिथं दिवस काढत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमावलीनं पीएच.डी.चे प्रबंध इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याच्या केंद्राकडं संगणकीय प्रतीत देणं आलं, ते शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसू लागले, तशी तिथली टेबलं ओस पडली. प्रमुखांची परवानगी लागते, पण "टिपणं काढायची आहेत" म्हणून शांतपणे मागितली तर सहसा नाही म्हणत नाहीत.

पिशव्यांचं म्हणाल तर आमच्या काळी पिशवी दारातच टोकन घेऊन ठेवावी लागे. तो नियम बहुतेक ठिकाणी आजही कागदावर आहे. तो पाळला तर अर्धा धागा इथंच बंद होईल.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. खुर्ची शोधण्यात गेलेला वेळही त्यातच मोजायला हवा, असं मी कर्मचाऱ्यांना सांगत असे. ते हसत.

पीएचडी_चालू_आहे
काकांना +१. प्रबंध विभागातच बसून लिहितोय. कृपया गर्दी करू नका.

रातकिडा
रात्रीसारखी वेळ नाही बघा. आम्ही प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांवर बसायचो. दिवे रात्रभर चालू, गार वारा, पाठ टेकायला खांब. दोन-अडीचपर्यंत अभ्यास, मग रेल्वे स्टेशनवर चहा. ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला एक ओसाड व्हरांडाही होता, तिथं तर चिटपाखरू नसायचं.

शेवटची_बस
रातकिडाभाऊ, पायऱ्या छान असतील. पण प्रश्न विचारणारी मुलगी आहे आणि सहाच्या बसनं घरी जाते, ते वरतीच लिहिलंय.

मुलींचा नकाशा वेगळा असतो. आधी बघायचं ते स्वच्छतागृह उघडं आहे का, त्याला कडी आहे का, पाणी आहे का. आमच्या विभागात एकच होतं आणि त्याची किल्ली ऑफिसात, ऑफिसातले बाबू जेवायला गेले की संपलं. म्हणून आम्ही पाणीच कमी प्यायचो, तेही मे महिन्यात. मग बघायचं ते फाटकापर्यंतचा रस्ता. दिवसा सुंदर दिसणारा तो अर्ध्या किलोमीटरचा निलगिरीचा रस्ता डिसेंबरात पावणेसहाला काळोखा होतो. आणि तुमचा तो चिटपाखरू नसलेला व्हरांडा: जिथं कुणी येत नाही म्हणून तुम्ही जाता, त्याच कारणानं आम्ही जात नाही.

एसटीत आम्हा बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बसच सहाला संपत असेल तर अर्ध्या तिकिटात ग्रंथालय आठपर्यंत उघडं राहून आम्हाला काय उपयोग?

मोहफूल, माझा सल्ला: तुझ्याच मार्गावरच्या दोन-तीन पोरी शोध. एकटीनं जागा शोधू नको. तिघी असल्या की रिकाम्या वर्गातही बसता येतं, एक उठली तरी सामान राखायला दोघी असतात, आणि कुणी येऊन "इथं काय करता" म्हटलं तर उत्तर द्यायला जोर येतो.

रातकिडा
मान्य. हा विचार केलाच नव्हता.

मार्डी_रोड
रात्रीच्या अभ्यासावरून... आमच्या अमरावती विद्यापीठाला लागून पोहरा-मालखेडचं जंगल. आवारात बिबट दिसल्याच्या बातम्या पेपरात अधूनमधून येतच असतात. त्यामुळं आम्ही संध्याकाळनंतर झाडाखाली वगैरे बसत नसू. अभ्यास आपोआप खोलीत आणि दार लावून व्हायचा.

खारपाणपट्टा
बिबट्याला पण सेमिस्टर पॅटर्न लागू झालाय की काय?

मार्डी_रोड
एटीकेटीवर चालू आहे त्याचं :)

अवांतर: आमच्या ग्रंथालयाला डॉ. श्रीकांत जिचकारांचं नाव आहे. नव्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. काटोलकडचा माणूस, वैद्यकीपासून कायदा, संस्कृत, इतिहासापर्यंत वीस पदव्या. १९७३ ते १९९० या काळात ४२ विद्यापीठ परीक्षा दिल्या, दर उन्हाळी आणि हिवाळीला बसायचेच. मधे आयपीएस झाले, ते सोडलं. आयएएस झाले, तेही सोडलं आणि राजकारणात आले. २००४ ला अपघातात गेले.

राजेहो
४२ परीक्षा! आमच्या इथल्या एकाच्या बी ४२ झाल्या असतीन, पण विषय एकच होता. गणित.

शेंगदाण्याची_आमटी
जिचकार बसायचे कुठं हे कुणाला माहीत आहे का? धाग्याशी संबंधित प्रश्न आहे.

मार्डी_रोड
घरातच हजारो पुस्तकं होती म्हणतात. म्हणजे ज्याला घर आहे त्याचं घर, असं उत्तर निघतं. मोहफूलला उपयोग शून्य.

मानसशास्त्र_शिकवते
एकाच जागेचा एवढा ध्यास घेऊ नका, असं सुचवेन. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली या दोघांनी पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांवर एक प्रयोग केला. काही शब्द पाण्याखाली पाठ करायला दिले, काही काठावर. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच चांगले आठवले, काठावरचे काठावर. जागेचा आठवणीशी संबंध असतो तो असा. मग १९७८ मध्ये स्मिथ, ग्लेनबर्ग आणि यॉर्क यांनी... माफ करा, बोटं घसरली, ब्यॉर्क यांनी विद्यार्थ्यांना एकच शब्दयादी दोनदा अभ्यासायला दिली. काहींना दोन्ही वेळा एकाच खोलीत, काहींना दोन वेगळ्या खोल्यांत. नंतर तिसऱ्याच खोलीत विचारलं तर खोली बदललेल्यांना जास्त शब्द आठवले.

म्हणजे तासभर नियतकालिक विभागात, तासभर विभागातल्या रिकाम्या वर्गात, अर्धा तास कडुनिंबाखाली, असं फिरतं राहिलं तर तोटा नाही. एकच खुर्ची धरून बसणाऱ्यांपेक्षा बरंच.

कापूसकोंड्या
मग परीक्षेच्या हॉलमध्येच अभ्यास केला तर सगळ्यात उत्तम?

राजेहो
काही पोट्टे तेच करतात ना. चिठ्ठी काढून. अन् पाण्याखालचं आमच्या इथं जमणार नाई मॅडम, तलावाले आधी पानी तं येऊ द्या.

कुलरदुरुस्ती
माहा धंदा कुलरचा, पोरगी कॉलेजात हाय, म्हून वाचून राह्यलो. जागा पाहाच्या येळी एक गोष्ट पाहा. कुलर हवा बाहेरून वढते, वाल्याच्या नाईतं गवताच्या वल्ल्या ताट्यातून आत फेकते. ते हवा बाहेर निघाले समोरची खिडकी उघडी पाह्यजे. लायब्ररीवाले काय करतात, धूळ येते म्हून साऱ्या खिडक्या बंद करतात. मंग हॉल दमट होते, वही चिकट, माणूस घामानं वल्ला, अन् म्हणतात कुलर खराब झाला. कुलर बरोबर हाय, खिडकी उघडा. बसाचं कुलरच्या समोर नाई, कान दुखतात अन् पानं उडतात. कुलर अन् उघडी खिडकी यायच्या मधल्या रेघेच्या जरा बाजूले बसाचं. पावसाळ्यात तं हवाच वल्ली, तवा कुलरमधी पानीच टाकू नका, नुसता पंखा चालवा.

निवृत्त_ग्रंथपाल
कुलरदादा, हे तुम्ही मला वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. दमट हवेनं पुस्तकांना बुरशी लागायची आणि आम्ही डांबरगोळ्या वाढवत बसायचो.

खारपाणपट्टा
आणि लाईट गेली की? गावठाणचा फिडर, शेतीचा फिडर, त्यात विद्यापीठाचा कोणता हे आजवर कळलं नाही. लाईट गेली की हॉलमध्ये जो एक सामूहिक "होओओ" उठतो, तो गेल्या पिढीपासून तसाच.

संपादक
तलाठी भरतीची जाहिरात, पेपरफुटी आणि वयोमर्यादेवरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथं जागेबद्दलच बोलावं.

गडचिरोलीकर
आमच्या जिल्ह्याचं सांगतो. गोंडवाना विद्यापीठ २०११ ला झालं. त्याआधी इथली कॉलेजं नागपूरला जोडलेली, गुणपत्रिकेतलं नाव दुरुस्त करायचं तरी पावणेदोनशे किलोमीटर नागपूर गाठा. त्या मानानं आता बरं आहे. पण सिरोंच्याच्या पोराला गडचिरोली काय आणि नागपूर काय, दोन्ही लांबच.

म्हणून विद्यापीठाच्या आवाराबाहेरही बघा म्हणतो. इकडं पोलीस दलानं "एक गाव, एक वाचनालय" नावानं गावोगावी वाचनालयं उभी केली आहेत. आमच्या भागातल्या एका वाचनालयात लाकडी रॅक, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर संविधानाची उद्देशिका आणि कोपऱ्यात कॅरम. कॅरम नसता तर आदर्श म्हटलं असतं. संध्याकाळी सहानंतर उघडं असतं, म्हणजे बस पकडून घरी गेल्यावरही बसता येतं. मोहफूल, तुमच्या गावात ग्रामपंचायतीचं वाचनालय असेल तर किल्ली कुणाकडं आहे ते आधी शोधा. बहुतेक वेळा वाचनालय असतं, किल्ली नसते.

पीएचडी_चालू_आहे
अरे, धागाकर्ती वनस्पतिशास्त्राची आहे हे कुणी लक्षातच घेतलं नाही! तुमच्या विभागात हर्बेरियम असेलच ना? वाळवलेल्या नमुन्यांची खोली. तिथं कोरडं ठेवावं लागतं, ऊन येऊ देत नाहीत, आवाज नाही, आणि मोठं टेबल असतंच, कारण शीट पसरायला लागतात. आमच्या विभागात सगळ्यात चांगली जागा तीच. प्रमुखांना म्हणा, दुपारी बसू द्या, बदल्यात शीटांची नोंदवही नीट लावून देते. कुठलाही प्रमुख या सौद्याला नाही म्हणणार नाही, त्या नोंदी वर्षानुवर्षं रखडलेल्या असतात.

फक्त दोन पथ्यं. डबा आत उघडायचा नाही, अन्नाच्या कणांवर कीड येते आणि मग नमुने फस्त. आणि जुन्या शीटांवर डोकं टेकून डुलकी काढायची नाही. किडीपासून वाचवायला पूर्वी मर्क्युरिक क्लोराइड लावत, ते विषारी असतं. शीट हाताळली तर हात धुवायचे.

शेंगदाण्याची_आमटी
अभ्यासाला बसायला विषाची खोली. विदर्भातलं उच्च शिक्षण!

मोहफूल
सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

हर्बेरियमचं विचारलं. मॅडम आधी म्हणाल्या, विद्यार्थ्यांना एकटं बसू देत नाही. नोंदवहीचं म्हटल्यावर म्हणाल्या, मंगळवार आणि शुक्रवार दुपारी बस, परिचर मामा असतात तेव्हाच. पहिल्याच दिवशी पाच कपाटांपैकी एकाचं दार उघडेना, मामांनी लाथ घातली तेव्हा उघडलं. आत शिंबावर्गीय, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींचे गठ्ठे, लेबलवरची शाई उडालेली, पण गावांची नावं वाचता येतात. त्यात आमच्या शेजारच्या गावचा एक पळस निघाला. अभ्यास त्या दिवशी झाला नाही, हे सांगायला हरकत नाही.

नियतकालिक विभागही सापडला. तिसऱ्या मजल्यावर, काका म्हणाले तसाच. टेबल एक, खुर्च्या दोन, पंखा बंद. पण जागा आहे. बाकीचे दिवस तिथं. बसमधल्या दोघींना सांगितलंय, एक भूगोलाची, एक समाजकार्याची.

हॉलमधल्या पिशव्या जशाच्या तशा. आणि सकाळी साडेआठ ते दहा अजूनही मी पायरीवरच असते. त्याचं काही होईल का?

तलाठी_होणारच
ताई, पायरीवर आम्हीही असतो. हॉल आठला उघडला तर आमचंही भलं. त्यासाठी सही लागली तर आमच्या ग्राउंडच्या पोरांच्या मिळतील, चाळीसेक तरी.

कापूसकोंड्या
हे बघा, पिशवीवाले आणि बिनपिशवीवाले एका अर्जावर. धागा सार्थकी लागला.

शेवटची_बस
दोन अर्ज करा. एक ग्रंथालय आठला उघडण्यासाठी. दुसरा आगार व्यवस्थापकांना, शेवटची बस सहाऐवजी सातला सोडण्यासाठी. आमच्या मार्गावर असा अर्ज केला होता, सरपंचांचं पत्र जोडलं होतं, तेव्हा बस अर्ध्या तासानं पुढं गेली. फार मोठं काही नाही, पण तेवढ्यात एक प्रकरण वाचून व्हायचं.

मोहफूल
सरपंच माझी काकूच आहे. पत्र मिळेल. ग्रंथालयाचा अर्ज नेमका कुणाच्या नावे करायचा?

निवृत्त_ग्रंथपाल
२०१६ च्या विद्यापीठ कायद्यात ग्रंथालयाला ज्ञानस्रोत केंद्र म्हटलंय, तेव्हा अर्ज "मा. संचालक, ज्ञानस्रोत केंद्र" यांना कर, प्रत कुलसचिवांना. मागणी एकच ठेव: परीक्षेच्या काळात वाचनकक्ष सकाळी आठला उघडावा. पिशव्या, पंखा, कुलर, स्वच्छतागृह सगळं एकाच अर्जात कोंबलंस तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील. स्वच्छतागृहाचा वेगळा अर्ज कर, तो आधी कर. कारण म्हणून "बसच्या वेळेमुळे ग्रामीण विद्यार्थी साडेआठला पोचतात" एवढं एक वाक्य पुरे. आठला उघडायला एक परिचर लागतो, त्याची ड्युटी दोन पाळ्यांत कशी लावता येईल हे तोंडी सुचव, लिहू नको. लिहिलंस तर कर्मचारी बिथरतात.

राजेहो
अन् अर्ज देल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का अन् आवक क्रमांक घेतल्याबिगर त्या खिडकीवरून हलू नका. बाबू म्हणते, "ठेवून जा, पाहातो." ठेवून जाचं नाई.

पीएचडी_चालू_आहे
आणि अर्जात नियतकालिक विभागाचा उल्लेख करू नका. ती जागा अजून फार जणांना माहीत नाही.